रिकाम्या पेंढ्याची मळणी

माझा धंदा डीटीपीचा. गेली अठ्ठावीस वर्षे मी तालुक्याच्या गावी पुस्तके, लग्नपत्रिका, अहवाल आणि दर वर्षी दोन-तीन दिवाळी अंक जुळवून देते. वाणिज्य शाखेची पदवी सोडली तर माझ्याकडे दुसरे शिक्षण नाही. संगणक मी त्याच्यासमोर बसून शिकले आणि इतिहासाची गोडी लोकांचे जुने कागद जुळवता जुळवता लागली. एरवी मी लिहिते ते गावच्या पेठा, वाडे, शिलालेख यांविषयी. या वर्षीचा विषय वेगळा आहे, पण तो माझ्याकडे जुन्या कागदांच्या वाटेनेच आला.

आमच्या सार्वजनिक वाचनालयात एका बंद पडलेल्या स्थानिक साप्ताहिकाचे एकतीस बांधीव खंड आहेत. कागद इतका जीर्ण की पान उलटताना कडेचा चुरा बोटाला लागतो. दोन वर्षांपूर्वी वाचनालयाची इमारत उतरवायची ठरली आणि हे खंड ठेवायचे कुठे, हा प्रश्न आला. निवृत्त ग्रंथपाल अप्पांनी मला बोलावून घेतले. म्हणाले, “ताई, पावसाळ्याच्या आत यांची सूची झाली तर कोणीतरी संस्था ठेवून घेईल. आत काय आहे हेच सांगता आले नाही तर ती रद्दी. रद्दीला कोण जागा देणार?”

मी सुमारे सात हजार पानांचे फोटो काढले. एवढी पाने डोळ्यांनी वाचून सूची करायला मला तीन वर्षे लागली असती. म्हणून छापील अक्षरे ओळखून मजकूर तयार करणारी एक प्रणाली वापरायचे ठरवले. ती फुकट मिळते आणि तिला देवनागरी येते. पण तिची तयार प्रत माझ्या जुन्या लॅपटॉपवर चालेना. माझ्या प्रोसेसरला ठाऊक नसलेल्या आज्ञा तिच्यात होत्या. उपाय एकच उरला. प्रणालीची मूळ संहिता उतरवून घ्यायची आणि ती आपल्याच यंत्रावर, आपल्या यंत्रापुरती कंपाइल करायची, म्हणजे माणसाने लिहिलेल्या संहितेचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करायचे.

ते काम तीन रात्री चालले आणि पुरे झाले नाही. या लेखाची सुरुवात त्या तीन रात्रींपासून झाली.

चुकीची निदाने

पहिल्या रात्री अर्ध्या तासात माऊसचा बाण जागच्या जागी थिजला. कॅप्स लॉकचे बटण दाबले तर त्याचा दिवा मिनिटभराने लागायचा. हार्ड डिस्कचा दिवा मात्र एकदाही विझत नव्हता आणि आतून सुपारी कातरल्यासारखा आवाज येत होता. सकाळी पाहते तो काम शंभरातले एकोणीस टक्के झालेले, आणि पडद्यावर कंपाइलरचा निरोप : आपल्यात अंतर्गत दोष आढळला असून प्रक्रिया मारली गेली आहे, कृपया या दोषाची सविस्तर तक्रार करा.

कंपाइलर स्वतःच स्वतःला दोषी म्हणतो आहे म्हटल्यावर मी त्याची दुसरी आवृत्ती बसवली. दुसऱ्या रात्रीही तेच. मग यंत्र तापते आहे अशी शंका आली. पंखा उघडून धूळ काढली, खाली दोन पुस्तके ठेवून हवा खेळती केली. मग डिस्क खराब असेल म्हणून ती तपासली. ती ठणठणीत निघाली. दुरुस्तीवाल्याने न उघडताच सांगितले, “मॅडम, मशीन म्हातारे झाले. नवीन घ्या, नाहीतर फॉरमॅट मारू.” नव्या यंत्राला माझ्याकडे पैसे नव्हते आणि फॉरमॅट मारून काय होणार हे त्यालाही सांगता येईना.

तिसऱ्या रात्री मी स्वतःच्या हुशारीने सर्वांत मोठी चूक केली. यंत्राचा प्रोसेसर किती कामात आहे ते पाहिले, तर शंभरातले जेमतेम पाच टक्के! मेंदू मोकळा बसला आहे आणि काम पुढे सरकत नाही, याचा अर्थ त्याला पुरेसे काम दिलेले नाही, असा मी सरळ हिशेब केला. कंपाइल करताना एका वेळी किती फायली हाती घ्यायच्या हे सांगता येते. मी चार सांगितल्या होत्या, त्या आठ केल्या. दहा मिनिटांत यंत्र इतके थिजले की शेवटी वीज तोडावी लागली.

ही चूक माझी एकटीची नव्हती, हे मला नंतर वाचताना कळले. साठच्या दशकात जगातल्या सर्वांत महागड्या यंत्रांच्या बाबतीत हेच गणित चुकले होते, आणि ते का चुकते हे शोधून काढणे हा संगणकाच्या इतिहासातला एक मोठा टप्पा ठरला.

टेबल आणि माळा

संगणकाकडे दोन जागा असतात. एक हाताशी असलेले टेबल : लहान, महाग, पण जिथून वस्तू लगेच उचलता येते. ही त्याची मुख्य स्मृती, ज्याला आपण रॅम म्हणतो. दुसरा माळा : प्रशस्त, स्वस्त, पण चढून जावे लागणारा. ही डिस्क. काम टेबलावरच होते. माळ्यावरची वस्तू आधी खाली आणावी लागते आणि टेबल भरलेले असेल तर दुसरी काहीतरी वर ठेवून यावी लागते.

सुरुवातीच्या यंत्रांत ही ने-आण प्रोग्राम लिहिणाऱ्यालाच करावी लागे. आपल्याकडचे उदाहरण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले. आर. नरसिंहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे बांधलेले पूर्ण आकाराचे यंत्र १९६० साली चालू झाले आणि १९६२ साली त्याला टिफ्रॅक हे नाव मिळाले. फेराइटच्या बारीक कड्यांच्या त्याच्या स्मृतीत ४० बिटांचे २,०४८ शब्द मावत. आजच्या मापाने ही जागा दहा किलोबाइटांची झाली. आज संगणकात देवनागरीचे एक चिन्ह साधारणपणे तीन बाइट घेते. त्या हिशेबाने या लेखाचा चौथा हिस्साही टिफ्रॅकच्या टेबलावर मावणार नाही. अशा यंत्रावर काम करणाऱ्याला टेबलावर काय आहे आणि काय नाही हे पाठ असावेच लागे.

कंपाइलर लिहिणाऱ्यांनाही हाच हिशेब होता. आयबीएमच्या ७०४ या यंत्रासाठी जॉन बॅकस यांच्या गटाने १९५७ साली दिलेला फोर्ट्रान कंपाइलर सहा भागांत विभागलेला होता. भाग एकामागून एक चालत. पुढे आयबीएमच्याच १४०१ या छोट्या यंत्रासाठी फोर्ट्रान कंपाइलर लिहिला गेला. हे यंत्र भारतातल्याही बऱ्याच कचेऱ्यांत येऊन गेले. त्या कंपाइलरला ८,००० अक्षरांच्या जागेत काम करायचे होते. करणाऱ्यांनी युक्ती अशी केली की रूपांतर करायचा प्रोग्राम स्मृतीतच बसून राहील आणि कंपाइलरच ६३ तुकड्यांत टेपवरून एकेक करून त्याच्यापाशी येईल. प्रत्येक तुकडा आपल्यापुरते काम करून निघून जाई आणि त्याच्या जागी पुढचा बसे. जुन्या वाड्यात एकाच न्हाव्याने घरातल्या सगळ्यांना बोलवावे तसे हे नाही. उलट, घरच्या म्हाताऱ्याला हलवता येत नाही म्हणून वैद्य, न्हावी, धोबी सगळे पाळीपाळीने त्याच्या खाटेपाशी यावेत तसे. गरिबीतून आलेली ही शिस्त होती. पण या शिस्तीमुळे टेबल कधी ओसंडत नव्हते.

मँचेस्टरचे ॲटलस

ही ने-आण यंत्रानेच करावी, माणसाला टेबल आणि माळा असा भेदच दिसू नये, ही कल्पना मँचेस्टर विद्यापीठात प्रत्यक्षात आली. टॉम किलबर्न यांच्या नेतृत्वाखाली आणि फेरांटी कंपनीच्या सहकार्याने बांधलेले ॲटलस हे यंत्र ७ डिसेंबर १९६२ रोजी समारंभपूर्वक सुरू झाले. त्याच्या मुख्य स्मृतीत ४८ बिटांचे १६,३८४ शब्द होते आणि गरगर फिरणाऱ्या चुंबकीय ड्रमांवर ९८,३०४. म्हणजे टेबलाच्या सहापट माळा. ५१२ शब्दांचे एक पान धरून ॲटलस या पानांची खाली-वर आपोआप ने-आण करी. टेबलावर एका वेळी ३२ पाने मावत. हवे असलेले पान टेबलावर नाही असे दिसले की यंत्र चालू काम थांबवून ते ड्रमवरून मागवी, आणि कोणते पान वर पाठवायचे हे ठरवायला पानांच्या वापराचा मागोवा घेणारा एक प्रोग्राम होता. प्रोग्राम लिहिणाऱ्याला सगळी जागा एकसलग भासे. किलबर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या निबंधात या व्यवस्थेला एकपातळी साठवण म्हटले. आज तिला आभासी स्मृती म्हणतात आणि ती आपल्या प्रत्येक संगणकात, फोनमध्येही आहे.

ही सोय मोठी होती. पण तिच्यामुळे ओझे नाहीसे झाले नव्हते, फक्त दिसेनासे झाले होते. टिफ्रॅकवर जागा संपली की प्रोग्राम लिहिणाऱ्याला ते तिथेच कळे. ॲटलसच्या पद्धतीत जागा संपतच नाही. काम फक्त हळू होते. आणि किती हळू, याचे उत्तर फार कठोर आहे.

ॲटलसच्या टेबलावरची वस्तू उचलायला सेकंदाचा पाच लाखावा भाग लागे. ड्रमचा एक फेरा १२ सहस्रांश सेकंदांचा. म्हणजे पान सापडायला सरासरी अर्धा फेरा, सहा सहस्रांश सेकंद, आणि ते उतरवायला आणखी दोन. टेबलावरून खंड उचलायला आपल्याला एक सेकंद लागतो असे धरले, तर ॲटलसला माळ्यावरून खंड आणायला सुमारे एक तास सात मिनिटे लागत होती. चार हजार वेळा हात टेबलाकडे गेला आणि त्यांतून एकदाच माळ्यावर जावे लागले, तरी एकूण वेळ दुप्पट होणार.

आता माझा लॅपटॉप पाहा. त्याची डिस्क मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे एक फेरा सुमारे ११ सहस्रांश सेकंदांचा. ॲटलसचा ड्रम १२. अर्धशतकात फिरण्याची गती जवळपास तिथेच राहिली! टेबल मात्र वीसेक पट चपळ झाले. त्यामुळे दोहोंतले अंतर आणखी वाढले. ढोबळ हिशेबाने माझ्या यंत्रात ते एकास एक लाख पडते. टेबलावर एक सेकंद, तर माळ्यावर सुमारे अठ्ठावीस तास. माझे यंत्र म्हातारे झाले होते हे दुरुस्तीवाल्याचे म्हणणे खरे असेलही, पण त्या रात्री ते ॲटलसपेक्षाही लांबच्या माळ्यावर फेऱ्या घालत होते.

डेनिंग यांचे निदान

ॲटलसनंतरच्या काही वर्षांत एकाच यंत्रावर अनेक प्रोग्राम एकदम ठेवायची पद्धत रूढ होऊ लागली. त्यामागचा विचार रास्त होता. एक प्रोग्राम माळ्यावरच्या पानाची वाट पाहत बसला असेल तर तेवढ्यात दुसऱ्याने प्रोसेसर वापरावा. इतके महाग यंत्र रिकामे का ठेवायचे? प्रोसेसर रिकामा दिसला की आणखी एक प्रोग्राम आत घ्यायचा. काही मर्यादेपर्यंत काम खरोखर वाढे. आणि मग एकाएकी, उतार नव्हे तर कडा कोसळावा तसे, सगळेच ठप्प होई. सगळे प्रोग्राम अर्धवट आत, सगळे पानांची वाट पाहणारे, प्रोसेसर जवळजवळ रिकामा, आणि माळ्याच्या शिडीवर मात्र अखंड वर्दळ.

इंग्रजीत या अवस्थेला थ्रॅशिंग हे नाव पडले. या शब्दाचे मूळ मळणीच्या शब्दातच आहे; त्याचा झोडपण्याचा, हातपाय आपटण्याचा अर्थ नंतरचा. माझ्या माहेरी खळ्यावर मळणी होत असे. बैल फिरत राहावेत, धूळ उडत राहावी, आणि पायांखाली दाणा नसलेला पेंढा असावा, असे चित्र माझ्या डोळ्यांसमोर आले. म्हणून मी तिला रिकाम्या पेंढ्याची मळणी म्हणते.

सुरुवातीला बऱ्याच जणांनी दोष शोधला तो पान निवडण्याच्या पद्धतीत. टेबलावर जागा करायला कोणते पान वर पाठवावे? सर्वांत आधी आलेले? सर्वांत जास्त वेळ न वापरलेले? आयबीएममधल्या लास्लो बेलाडी यांनी १९६६ साली या पद्धतींची पद्धतशीर तुलना केली. सर्वोत्तम निवड कोणती तेही त्यांनी दाखवले : पुढे सर्वांत उशिरा लागणार असेल ते पान पाठवावे. अर्थात त्यासाठी भविष्य कळायला हवे. म्हणून ती पद्धत वापरता येत नाही, बाकीच्यांना मापायला फूटपट्टी म्हणून उपयोगी पडते.

या प्रश्नाची बाजूच बदलली ती पीटर डेनिंग यांनी. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये ते तेव्हा पीएच.डी.चे काम करत होते. मे १९६८ मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी मांडले की कोणताही प्रोग्राम आपली सगळी पाने सारखी वापरत नाही. थोडा वेळ तो मोजक्या पानांना धरून राहतो, मग दुसऱ्या मोजक्या पानांकडे सरकतो. नुकत्याच गेलेल्या ठरावीक काळात त्याने ज्या पानांना हात लावला, ती पाने म्हणजे त्याचा त्या वेळचा चालू पसारा. हा पसारा टेबलावर मावला तर प्रोग्राम सुरळीत चालतो. त्यातली थोडी पाने जरी बाहेर राहिली तरी त्याची सगळी चाल शिडीवर जाते.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या संगणक परिषदेत त्यांचा दुसरा निबंध आला, तो थेट या मळणीची कारणे आणि प्रतिबंध यांवर. निवडीची पद्धत कितीही चांगली असली, तरी आत घेतलेल्या सगळ्यांचे चालू पसारे मिळून टेबलापेक्षा मोठे झाले तर कोसळणे अटळ आहे, हे त्यातून स्पष्ट झाले. प्रश्न कोणाला बाहेर काढायचे हा नव्हता. एका वेळी किती जणांना आत घ्यायचे हा होता. ज्याचा पसारा टेबलावर मावेल त्यालाच सुरू करावे, बाकीच्यांना बाहेर थांबवावे. प्रोसेसर रिकामा दिसणे हे दर वेळी काम कमी असल्याचे लक्षण नसते. काम फार झाल्याचेही असू शकते.

ही ओळ वाचली तेव्हा मी चाराच्या आठ फायली केल्याची आठवण होऊन मला हसू आले. आणखी एक योगायोग : त्याच परिषदेत, ९ डिसेंबर १९६८ रोजी, डग्लस एंगलबार्ट यांनी माऊसचे पहिले जाहीर प्रात्यक्षिक दाखवले होते. पडद्यावर फिरणारा बाण आणि तो का थिजतो याचे कारण, दोन्ही जगापुढे एकाच सभेत आले.

व्हीएमस्टॅटचे रकाने

पण हे वाचन नंतरचे. निदानाची वाट मला भाच्याने दाखवली. तो पुण्यात नोकरीला आहे. फोनवर सगळे ऐकून म्हणाला, “आत्या, कंपाइलर काय म्हणतो ते सोड. तो मेला हे खरे, पण कोणी मारला ते त्याला कुठून कळणार? कर्नलची नोंद बघ.”

लिनक्सच्या गाभ्याला कर्नल म्हणतात आणि तो आपली रोजनिशी ठेवतो. ती उघडली तर तिथे सरळ लिहिले होते : स्मृती संपली, अमुक क्रमांकाची प्रक्रिया मारली. टेबलही भरले आणि माळ्यावरची राखीव जागाही भरली, की सगळे यंत्र बुडू नये म्हणून कर्नल एखाद्या मोठ्या प्रक्रियेचा बळी देतो. कंपाइलरला बिचाऱ्याला वाटले, आपल्यातच दोष आहे. तक्रार करा, असे तो प्रामाणिकपणे म्हणत होता. दोषी नसलेल्याची कबुली खरी धरून मी दोन रात्री घालवल्या होत्या.

मग भाच्याने व्हीएमस्टॅट नावाची छोटी आज्ञा चालवायला सांगितली. ती दर काही सेकंदांनी आकड्यांची एक ओळ लिहिते. “पहिली ओळ धरू नकोस,” तो म्हणाला, “ती यंत्र सुरू झाल्यापासूनची सरासरी असते.” पुढच्या ओळींत चार रकाने पाहायचे. एसआय आणि एसओ : माळ्यावरून खाली आणि खालून माळ्यावर किती माल गेला. हे आकडे अधूनमधून आले तर काळजी नाही. दोन्ही सतत मोठे असतील तर मळणी चालू आहे. माझे दोन्ही रकाने हजारांत होते, एकदाही शून्य नाही. तिसरा, यूएस, म्हणजे प्रोसेसरने खऱ्या कामाला दिलेला वेळ : तीन-चार टक्के. आणि डब्ल्यूए, डिस्कची वाट पाहण्यात गेलेला : नव्वदच्या आसपास. मला मोकळा वाटलेला मेंदू मोकळा नव्हता. तो शिडीखाली हात पुढे करून उभा होता.

बाकीचा हिशेब मग वहीवर झाला. माझे टेबल चार जीबीचे. त्यातला एक जीबी यंत्राच्या नित्यकर्मांत आणि उघड्या ठेवलेल्या ब्राउझरमध्ये जात होता. या प्रणालीच्या जड फायली कंपाइल करताना प्रत्येकीला सव्वा जीबीपर्यंत जागा लागत होती, कारण आजचा कंपाइलर ६३ तुकड्यांत येत नाही. तो पूर्ण फाईल, तिने मागवलेल्या शेकडो इतर फायली आणि त्यांतून उभी राहणारी रचना एकदम पसरून बसतो. चार सव्वा पाच. उरलेले टेबल तीन जीबीचे. आठ केल्यावर दहा. यात गूढ असे काही उरले नाही.

चौथ्या रात्री ब्राउझर बंद केला आणि एका वेळी एकच फाईल घ्यायला सांगितले. व्हीएमस्टॅटचे पहिले दोन रकाने शून्यावर आले, यूएसचा आकडा चढला, आणि डिस्कचा दिवा अधूनमधून लुकलुकू लागला. काम अकरा तासांत, सकाळी दूधवाला येण्याच्या सुमारास, संपले. चार जणांना तीन रात्रींत न झालेले एकाने एका रात्रीत केले.

पन्नास वर्षे

रॅम वाढवली असती तर हे झाले नसते, असे कोणी म्हणेल, आणि ते खरे आहे. नव्या प्रकारची, न फिरणारी डिस्क असती तरी यातना पुष्कळ कमी झाल्या असत्या. टेबल स्वस्त होत गेले तसा हा प्रश्न सुटला असे वाटू लागले होतेच. पण टेबल वाढले की पसाराही वाढतो, हे ज्याच्या घरी कपाट आहे त्याला सांगायला नको. लिनक्समध्ये स्मृतीअभावी कामांचा किती वेळ वाट पाहण्यात वाया गेला हे थेट मोजून सांगणारी सोय आली ती ४.२० या आवृत्तीत, डिसेंबर २०१८ मध्ये. डेनिंग यांच्या निबंधाला त्या महिन्यात बरोबर पन्नास वर्षे झाली होती. तोवर यंत्र किती भरले हे मोजले जाई आणि किती काम झाले हेही. पण भरल्यामुळे किती काम अडले, हे सरळ विचारायची सोय लिनक्सच्या गाभ्यात नव्हती.

मला यात इतिहासाच्या अभ्यासकाला उपयोगी असे काही दिसते. ॲटलसने माणसाचे ओझे आपल्याकडे घेतले, आणि त्याबरोबर त्या ओझ्याची जाणीवही घेतली. टिफ्रॅकवर काम करणाऱ्याला टेबल भरल्याचे आपोआप कळत असे. मला कळायला रोजनिशी आणि चार रकाने लागले. सोय आली की तिच्यामागचा हिशेब विसरला जातो. तो परत काढायचा तर जुने कागद उघडावे लागतात. आणि समोरचा पुरावा जे सांगतो ते कोणाच्या तोंडून आले हेही पाहावे लागते. कंपाइलरची कबुली खोटी नव्हती. त्याला जेवढे दिसत होते तेवढेच तो सांगत होता. जुन्या दफ्तरांत असे साक्षीदार मला पूर्वीही भेटले आहेत.

सूचीचे काम मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात पुरे झाले. यंत्राने वाचलेला मजकूर निर्दोष नव्हता. फिकट शाईत ‘घ’ आणि ‘ध’ यांची गल्लत तर पानोपानी होती. पण नावे, गावे आणि विषय शोधण्यापुरता तो पुरला. अप्पांना मी छापील सूची नेऊन दिली आणि या सगळ्या प्रकाराची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, “मी पस्तीस वर्षे वाचकाला एका वेळी तीनच खंड देत होतो. लोक भांडायचे. आमचे टेबलच तेवढे होते.”

जूनमध्ये इमारत उतरवली. त्याआधी दहा दिवस शेजारच्या तालुक्यातल्या एका संग्रहालयाने सूची पाहून एकतीसही खंड ठेवून घेतले. टेम्पोत चढवताना अप्पा मोजत होते. एका वेळी तीन.